प्लग निवडण्याआधी

गाडी गॅरेजमध्ये लावता लावताच गिऱ्हाईक विचारतं, "इरिडियमचे स्पार्क प्लग टाकायचे का?" मी म्हणतो, आधी जुने काढून बघू.

इंजिन थंड झाल्यावर प्लगभोवतीची धूळ हवा मारून उडवायची, मगच पान्हा लावायचा. निघालेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडायचे. टोकं फिकट तपकिरी असली तर इंजिन ठणठणीत. सगळ्यांवर कोरडी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त येतंय. एकच प्लग तेलकट निघाला तर त्या सिलिंडरची रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील बघावं लागतं. तिथे कितीही भारी प्लग लावा, थोड्याच दिवसांत तोही तेलकट होणार.

निवडताना आटे 14 मिलिमीटरचे आहेत, एवढ्यावर भागत नाही. आट्यांची लांबी 12.7 की 19, हेही पाहावं लागतं. लांब प्लग पिस्टनला लागू शकतो. आखूड घातला तर हेडमधल्या उघड्या आट्यांत कार्बन साचतो. मग येते हीट रेंज, म्हणजे प्लग टोकाची उष्णता किती लवकर बाहेर सोडतो ते. टोक साधारण 450 अंशांच्या वर तापलं तरच स्वतःवरची काजळी जाळतं आणि फार तापलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटवतं. एनजीकेचा आकडा 6 वरून 7 झाला की प्लग थंड होतो; बॉशचा आकडा वाढला की गरम. कंपनी बदलताना नुसता आकडा जुळवणारे इथेच फसतात.

इरिडियम वितळतं 2446 अंशांना, निकेल 1455 ला. म्हणून इरिडियमचं टोक बारीक ठेवूनही झिजत नाही लवकर. सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं आणि टोक लवकर झिजतं, त्यामुळे रोज गॅसवर पळणाऱ्या गाडीला इरिडियमचे जादा पैसे वसूल. क्वचित बाहेर निघणाऱ्या जुन्या गाडीला साधा निकेलचा प्लग पुरतो.

नव्या प्लगचा गॅप गेजने तपासा, पण इरिडियमच्या टोकाला गेज घासू नका. आधी हातानेच फिरवत पूर्ण बसवा; वॉशरवाला नवा प्लग असेल तर पान्ह्याने साधारण अर्धा फेरा पुरे. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये जोर लावलात तर आटे जातील आणि प्लगच्या किमतीत ते दुरुस्त होत नाहीत.

गाडीच्या पुस्तकात छापलेला नंबर हाच पहिला पर्याय धरा, आणि नवे प्लग बसवण्याआधी जुने मिस्त्रीकडून मागून स्वतः बघा.