फक्की, शिट्टी आणि एक नजर

सकाळी कंपन्यांच्या बस बजाजनगरच्या चौकात कामगार भरून घेत असतात, तेव्हा वाळूजच्या एखाद्या शाळेत पी.टी.चे सर खो-खोच्या मैदानावर फक्की मारत असतात. शाळेत खेळाचे सर बहुधा एकटेच. कबड्डी तेच शिकवणार, गोळाफेकीची टेप तेच धरणार, आणि गणिताचे सर रजेवर असले की तो तासही त्यांच्याच गळ्यात.

त्यांची स्वतःची उमेदही अशीच वाटली गेलेली असते. कॉलेजात कबड्डी, मैदानी स्पर्धांत लांब उडी, जत्रेत कुस्ती, मग बी.पी.एड. एकाही खेळात नाव झालं नाही, असं लोक सहज बोलून जातात. हे बोलणं अन्यायाचं आहे.

महाराष्ट्रात अनेक खेळ सांभाळणाऱ्यांची ही जातकुळी जुनी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचं. तिथे मल्लखांब, कुस्ती, लाठी हे सगळं एकाच आवारात शिकवलं गेलं. 1936 साली त्यांचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. तिकडे अमेरिकेत त्याच दशकात जॉन वूडन साउथ बेंडच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि बास्केटबॉल, बेसबॉल, टेनिस अशा तिन्ही संघांना तयार करत होते. पुढे एका विद्यापीठाला बास्केटबॉलची 10 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे हेच वूडन हंगामाच्या पहिल्या दिवशी धिप्पाड पोरांना मोजे घालायला शिकवत. मोज्याला चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो.

वाळूजची पोरं पुष्कळदा अनवाणीच पळतात, तो भाग वेगळा.

अनेक खेळ अंगात मुरले की नजर तयार होते. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा धरली की मध्येच मागे फिरता येत नाही. खांबाला वळसा घालूनच दुसऱ्या बाजूला जायचं. एखादी सातवीतली मुलगी त्या वळणावर वेग न मोडता आतल्या बाजूला झुकते. सर शिट्टी तोंडातून काढतात. “ए पोरी, उद्यापासून दोनशे मीटर पळायचं.” दोनशेची शर्यत वळणावरच सुरू होते, हे तिला अजून ठाऊकही नसतं.

मग संध्याकाळी तिच्या घरी जाणं आलं. वडील रात्रपाळीच्या तयारीत, आईला स्पर्धेच्या प्रवासाची काळजी. खेळाडूंना दहावीला क्रीडागुण मिळतात, हे सर शेवटी सांगतात. तेवढ्यावर वडील आत वळून चहा टाकायला सांगतात.