मिरज: औषध आणि जवारी

सांगलीहून मिरजेकडे निघाले की विश्रामबाग मागे पडते आणि वानलेसवाडी लागते. दोन शहरांमधले अंतर दहाएक किलोमीटरचे. १९९८पासून सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महानगरपालिका एकच आहे आणि २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर गेली. तरीही मिरजकर स्वतःला सांगलीकर म्हणवून घेत नाहीत. पटवर्धन घराण्यातल्या वादानंतर चिंतामणराव १८०१ साली मिरजेतून बाहेर पडले आणि त्यांनी सांगलीला आपली राजधानी केली. तेव्हापासून दोन्ही गावांचे वळण वेगळे झाले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सांगलीत उभे केले आणि सांगलीकडे नाटकाचा मान गेला. मिरजेकडे आले गाणे आणि दवाखाने.

वानलेसवाडी ज्यांच्या नावाची, ते डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली मिशनचे डॉक्टर म्हणून भारतात आले. मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली आणि १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झाले. पुढे वैद्यकीय शिक्षणही तिथे देऊ लागले. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूरकडचे लोहमार्ग मिरज जंक्शनवर एकत्र येतात. त्यामुळे दक्षिण महाराष्ट्राला आणि उत्तर कर्नाटकाला हे हॉस्पिटल सोयीचे पडले. आजही स्टेशनाबाहेर उतरणाऱ्या गर्दीत हातात एक्स-रेची पाकिटे घेतलेले लोक असतात आणि रिक्षावाल्यांना दवाखान्यांचे पत्ते तोंडपाठ असतात.

मिरजेच्या संगीताचा इतिहास पाहू लागले की तोही पुन्हा पुन्हा आजारपणापाशी येऊन थांबतो. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले. उपचारासाठी त्यांना मिरजेला आणले. दृष्टी पूर्ववत झाली नाही. मात्र गाणे शिकावे, हा सल्ला त्यांना तिथल्या डॉक्टर भडभड्यांकडून मिळाला. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेव्हा मिरजेतच होते आणि संस्थानिकांचा आश्रयही होता. १८९६ मध्ये मिरज सोडून निघालेल्या बाळकृष्णबुवांच्या या शिष्याने, पलुसकरांनी, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले. गाणे दरबारातून वर्गात आणण्याच्या त्या मोठ्या कामाची तयारी या गावात झाली.

नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनाही शाहू महाराजांनी कानाच्या उपचारासाठी मिरजेला पाठवले होते. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीच्या ‘शाकुंतल’मधून शकुंतलेच्या भूमिकेत ते पहिल्यांदा रंगमंचावर आले, तेही मिरजेत. आज शहरातले नाट्यगृह त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्याविषयी मिरजेत सांगितले जाते, की प्लेगने आजारी पडल्यावर ते मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले. ही श्रद्धेची कथा आहे. इतिहासाला ठाऊक आहे ते एवढेच, की खाँसाहेबांनी मिरजेत घर केले आणि हे नाते अखेरपर्यंत सोडले नाही. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीकडे जाताना मद्रासजवळच्या सिंगपेरुमल कोइल स्थानकावर त्यांचे निधन झाले. दफन मात्र मिरजेत, दर्ग्याच्या आवारात झाले. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे संगीत सभा होते. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेचाच, १९०५चा. उरुसातल्या या संगीत सभेत हजेरी लावणे हे तिकिटाच्या मैफिलीपेक्षा मोठे, असे मानणारे कलावंत आजही आहेत. याच उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा असतो. हिंदू आणि मुसलमान दोघेही या दर्ग्याला आपला मानतात, आणि शहराचे एकत्रपण जपणारी याहून भक्कम जागा मिरजेत दुसरी दाखवता येत नाही.

दर्ग्यापासून सतारमेकर गल्ली दूर नाही. इथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थाने इंग्रजांच्या अंमलाखाली गेल्यावर शस्त्रांची मागणी आटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि दुरुस्तीतून तानपुरे, सतारी घडू लागल्या. जवळच गवई होते, दरबार होता; वाद्य बरे झाले की नाही ते तिथल्या तिथे कळत होते. मिरजेचा तानपुरा मोठा झाला तो या जवळिकीमुळे.

त्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भीमाकाठच्या शेतांतून. हा खायचा भोपळा नव्हे. कडू, जाड सालीचा, वेलावर पुरता पिकू दिलेला. तो वाळवून कापतात, पाण्यात भिजवून तोंड रुंदावतात आणि पुन्हा वाळू देतात. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. खर्जातल्या पुरुषी आवाजासाठी भोपळा मोठा, बायकांच्या पट्टीसाठी लहान. कोरीव काम आणि लाखेचा मुलामा डोळ्यांत भरतो, पण वाद्याची किंमत ठरते जवारीवर. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने असा घासायचा, की छेडलेली तार त्याला अगदी हलकी चाटत जावी. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. जागा सापडली की तारेतून वरचे स्वर उमलतात आणि गायकाला आपला सा त्यांच्यात मिळतो. पट्टी बदलली, तारा बदलल्या, घोडी झिजली, की जवारी नव्याने काढावी लागते. हे मापात बसत नाही. मुलगा बापाजवळ वर्षानुवर्षे बसून ऐकतो, तेव्हा हात तयार होतो.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ते हवेच होते, कारण मिरजेचे नाव सांगून विकली जाणारी वाद्ये सगळीच मिरजेची नसतात. मात्र गल्लीपुढची खरी अडचण वेगळी आहे. विद्युत तानपुरा आणि मोबाइलवरचा तानपुरा स्वस्त आहेत आणि त्यांना जवारी काढणारा लागत नाही. नवे शिकणारे बरेचसे त्यांच्यावरच थांबतात. शिवाय भोपळ्याला लागणारे महिने आणि हाताला लागणारी वर्षे यांचा मोबदला बाजारभावात पुरता उतरत नाही, म्हणून घरातली पुढची पिढी नोकरीकडे पाहते. तरीही गल्लीतली दुकाने चालू आहेत. तानपुरे इथून पुण्या-मुंबईला आणि परदेशातल्या भारतीय संगीताच्या शिक्षकांकडे जातात. जुनी वाद्ये जवारीसाठी परत येतात आणि अशा कामासाठी मालक बऱ्याचदा स्वतः मिरजेला येतो, कारण तार कशी बोलायला हवी हे त्याला कारागिराशेजारी बसूनच ठरवता येते.