सोबत्याच्या औषधासाठी मदत मागताना

वाचकहो, आपल्या घरी आठ-दहा वर्षांचा कुत्रा असेल, तर आजचा लेख जरा सवडीने वाचावा. मी माणसांचा डॉक्टर. जनावरांच्या वैद्यकावर बोलण्याचा अधिकार माझा नाही. त्यातील निर्णय आपल्या पशुवैद्यांचाच. तरीही हा विषय माझ्या दवाखान्यात अधूनमधून येतो, आणि बहुधा रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या वाटेने येतो.

गेल्या पावसाळ्यात एक आजी नेहमीच्या तपासणीसाठी आल्या. वय 74, यजमान जाऊन सहा वर्षे झालेली, मुलगा परगावी. एरवी 130च्या आसपास असणारा वरचा रक्तदाब त्या दिवशी 180च्या पुढे होता. गोळ्या चालू आहेत ना, असे विचारताच त्या म्हणाल्या, “आहेत हो, पण सध्या एक दिवसाआड घेते.” थोडे खोदून विचारल्यावर कारण कळले. त्यांच्या कुत्र्याच्या जबड्याखाली गाठी आल्या होत्या आणि तपासणीत लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला होता. तपासण्या आणि पहिली इंजेक्शने यांत हाताशी असलेली शिल्लक संपली, म्हणून आजींनी स्वतःच्या औषधांना कात्री लावली होती. मुलाला सांगितलेत का, यावर त्यांचे उत्तर असे: “कुत्र्याच्या औषधाला पैसे दे, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू?”

ज्याच्यामुळे सकाळ-संध्याकाळ पाय मोकळे होतात, ज्याच्याशी दिवसभर बोलणे होते, त्या जिवासाठी मदत मागताना लाज वाटावी, हे मला पटत नाही. ‘एवढ्या पैशांत एखाद्या गरीब मुलाचे शिक्षण झाले असते,’ असे ऐकवणारे नातेवाईक भेटतात. लग्नाच्या मांडवात आणि नव्या मोबाईलच्या दुकानात हा हिशेब त्यांना आठवत नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपण नातवंडांना कौतुकाने सांगतो. मग स्वतःवर वेळ आली की संकोच कशाला?

मात्र एक गोष्ट डॉक्टर म्हणून ठामपणे सांगतो. स्वतःची रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा हृदयाची औषधे एक दिवसही कमी करू नयेत. आपल्याला पक्षाघात होऊन रुग्णालयात राहावे लागले, तर त्या मुक्या जिवाला इंजेक्शनला कोण नेणार? घरात वृद्ध आई-वडील आणि आजारी कुत्रा दोघेही असतील, तर मुलांनी आणि सुनांनी औषधांची पाकिटे अधूनमधून मोजून पाहावीत. विचारल्यास उत्तर ‘सगळे व्यवस्थित आहे’ असेच मिळते.

मदत मागण्याआधी तो पैसा नेमके काय मिळवून देणार आहे, हे जाणून घ्यावे, कारण कुत्र्यांचे सगळे कर्करोग सारखे नसतात. जननेंद्रियांवर होणारा आणि समागमातून पसरणारा एक अर्बुदाचा प्रकार भटक्या कुत्र्यांत आपल्याकडे पुष्कळ आढळतो. तो व्हिन्क्रिस्टीनच्या साप्ताहिक इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, आणि औषधही तुलनेने स्वस्त असते. हे औषध मुळात सदाफुलीतून मिळाले. (म्हणून कोणी अंगणातील सदाफुलीचा पाला वाटून कुत्र्याला देऊ नये, ती वनस्पती विषारी आहे.) लिम्फोमाचे चित्र वेगळे. उपचाराविना बहुधा एक-दोन महिने, अनेक औषधांच्या केमोथेरपीने सरासरी वर्षभर; तेही वर्ष बऱ्यापैकी सुखाचे. पूर्ण बरे होणे मात्र दुर्मीळ. हाडाच्या कर्करोगात पाय काढावा लागतो आणि पुढे औषधेही लागतात. म्हणून पशुवैद्यांना थेट विचारावे: रोग कोणता, तो बरा होणार की आयुष्य वाढणार, किती वाढणार, एकूण खर्च किती आणि काहीच केले नाही तर काय होईल. लाजू नये. चांगले पशुवैद्य या प्रश्नांनी रागावत नाहीत.

कुत्र्यांना केमोथेरपीचा त्रास माणसांइतका सहसा होत नाही. तेथे मात्रा बेताची ठेवतात, कारण उद्देश त्याचे दिवस सुखात जावेत हा असतो. बहुतेक जातींचे केसही फारसे गळत नाहीत. निदान पक्के होण्याआधी मात्र कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड सुरू करू नये. लिम्फोमाची गाठ त्याने तात्पुरती बसते, पण निदान चुकू शकते आणि पुढची औषधे नीट लागू पडत नाहीत.

खर्च कमी करण्याच्या वाटाही आधी तपासाव्यात. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 सालापासून चालू आहे. नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर आणि अकोला येथेही शासकीय पशुवैद्यकीय संस्था आहेत. खासगी दवाखान्यांच्या मानाने तेथील शुल्क सहसा कमी असते. कर्करोगाचे कोणते उपचार तेथे होतात, हे निघण्यापूर्वी दूरध्वनी करून विचारावे. आजारी जनावराला घेऊन उगाच हेलपाटा नको. आपल्या मेडिक्लेमचा येथे उपयोग नाही. कुत्र्यांसाठी वेगळा विमा मिळतो, पण रोग उघड झाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या रोगाचा खर्च देत नाही.

मग मदत मागावी. पहिला मान मुलांचा. त्या आजींच्या मुलाने त्याच संध्याकाळी पैसे पाठवले, आणि रागावला तो आईने गोळ्या कापल्या यावर. जे कमी पडले, त्यासाठी त्यांनी बागेतल्या सकाळच्या मंडळींना एक कागद लिहून दिला. मला तो फार आवडला, कारण त्यात रडगाणे नव्हते. कुत्र्याचे वय, रोगाचे नाव, दवाखान्याने दिलेला अंदाजित खर्च, स्वतः घातलेली रक्कम, उरलेली गरज आणि पैसे थेट दवाखान्यात भरण्याची विनंती, एवढेच. आपणही असेच लिहावे. जखमांची छायाचित्रे दाखवून लोकांना भरीस पाडू नये. रक्कम उरली तर तिचे काय करणार, हेही त्यात नमूद करावे. करसवलतीचे आश्वासन कोणाला देऊ नये; ती मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, व्यक्तीला दिलेल्या मदतीवर मिळत नाही.

मोबाईलवरून आवाहन करणार असाल, तर सावध राहावे. ‘मदत पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका,’ असा फोन हमखास येतो. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की खात्यातून पैसे जातात.

उपचार सुरू झाल्यावर घरच्यांनीही जपावे. केमोथेरपीनंतरचे दोन-तीन दिवस कुत्र्याची लघवी, विष्ठा किंवा उलटी हातमोजे घालूनच साफ करावी. घरातील गरोदर स्त्रीने हे काम करू नये. केमोच्या गोळ्या फोडू किंवा कुटू नयेत. आणि कुत्रा कण्हतो म्हणून आपल्या डब्यातील ब्रुफेन, डायक्लोफिनॅक किंवा पॅरासिटामॉल त्याला देऊ नये. माणसांना सहज चालणाऱ्या या गोळ्या त्याच्या जठराला, मूत्रपिंडाला किंवा यकृताला घातक ठरतात.

काही घरी केमोथेरपी न करण्याचा निर्णय होतो. रोग फार पसरलेला असतो, कुत्रा फार थकलेला असतो, किंवा पैसा खरोखरच उभा राहत नाही. म्हणजे आपली माया कमी पडली, असे मानू नये. वेदनाशामक औषधे, उलटी थांबवणारे इंजेक्शन, मऊ अंथरूण, यांनाही खर्च येतोच, आणि त्यासाठी मदत मागणे तितकेच रास्त आहे. त्रास आवरेनासा झाला, तर झोपेच्या औषधाने त्याला शांतपणे निरोप देता येतो. बरेच पशुवैद्य त्यासाठी घरीही येतात. त्या भेटीचे शुल्क किती आणि नंतर दफन-दहनाची सोय कोठे, हे आधीच विचारून वहीत टिपून ठेवावे. त्या दिवशी पैशांची बोलणी करण्याइतके मन थाऱ्यावर नसते.