घरघंटी आणि जाते
बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते; ज्वारीच्या शिळ्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापतानाच चिरते. ताजे दळण हवे, म्हणून आम्ही घरघंटी घ्यायचे ठरवले. दगडाची घ्यावी की पोलादी पात्यांनी धान्य फोडून जाळीतून पीठ गाळणारी, एवढाच प्रश्न होता. आमचा ओढा दगडाकडे. आईने विचारले, "त्याला टाकी कोण लावणार?"

घरचे जाते याच प्रश्नापाशी थांबले होते. दगड गुळगुळीत झाले, टाकी लावणारा येईनासा झाला; जात्याबरोबर आईच्या ओव्याही थांबल्या. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या जमवल्या. त्यांविषयी आम्ही वर्गात तासन्‌तास बोलतो. आईची मात्र एकही ओवी आम्ही उतरवून घेतली नाही.

अखेर पात्यांचीच घरघंटी आली. पहिल्या दळणाला आई शेजारी बसली. यंत्राच्या घरघरीत तिचे ओठ हलताना दिसले. बटण बंद करायचे आम्हांला सुचले, तोवर ती थांबली होती. चिमटीत पीठ चोळून म्हणाली, "बारीक आलंय."