माझ्या प्रबंधातला एक यशस्वी रुग्ण

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या राष्ट्रीय नोंदवहीत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतरच्या वेदनाशमनाचे प्रयोग चाळू लागले, की एकाच धाटणीची शीर्षके पुन्हा पुन्हा समोर येतात : एपिड्युरल की इरेक्टर स्पायनी ब्लॉक, टॅप ब्लॉक की पाठीतून मॉर्फिन. यांतले बरेचसे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध असतात. असा एक प्रबंध मीही लिहिला आहे. त्यातल्या एका रुग्णाविषयी आज लिहायचे आहे.

उत्तर भारतातील एका सरकारी रुग्णालयात मी तेव्हा भूलशास्त्र शिकत होते. साठी ओलांडलेले गृहस्थ. आतड्याच्या कर्करोगासाठी पोट मधोमध उघडलेले. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत एपिड्युरलची बारीक नळी मीच बसवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारले, "चाचा, शून्य से दस में दर्द कितना?" उत्तर आले, "दो." मी तक्त्यात २ लिहिले. मॉर्फिनची जादा मात्रा शून्य. प्रबंधाच्या हिशेबी आदर्श यश. मी वळले तेव्हा ते हळूच म्हणाले, "दर्द नहीं है, बेटी. पर उठा नहीं जाता."

रक्तदाब उतरलेला, पाय जड, लघवीची नळी तशीच. पलीकडच्या खाटेवर माझ्याच दुसऱ्या गटातला एक रुग्ण होता. त्याला टॅप ब्लॉक दिला होता आणि त्याच्या वेदनेचे गुण ५ होते. तो पोटावर उशी दाबून, सलाईनचा स्टँड ढकलत स्वच्छतागृहापर्यंत जाऊन आला होता. माझ्या तक्त्यात तो हरला होता, कारण चालण्याला तिथे रकानाच नव्हता. (तो वयाने बराच लहान होता, हे मान्य. दोन माणसांवरून सिद्धांत मांडू नये, हेही मान्य.)

या पद्धतींची तुलना सरळ नसते, कारण त्या एकाच वेदनेवर काम करीत नाहीत. छातीच्या पातळीवरचे एपिड्युरल पोटाची भिंत आणि आतले अवयव, दोन्हींकडून येणारे वेदनेचे संदेश अडवते. आतड्यांची हालचालही त्याने लवकर सुरू होते. पण त्याच वेळी रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब घसरतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर सुई टोचण्याची आणि नळी काढण्याचीही वेळ साधावी लागते. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये ९१५ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली : एपिड्युरलने वेदना कमी झाल्या, श्वसनाची गुंतागुंतही घटली, मृत्यूचे प्रमाण मात्र कमी झाल्याचे दिसले नाही. २००१ मध्ये वर्णिलेला टॅप ब्लॉक पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये औषध सोडतो. जखम शांत होते, पण आतड्यांतून उमटणारी खोल वेदना तशीच राहते. इरेक्टर स्पायनी ब्लॉक २०१६ चा. सोनोग्राफीत पाहून कण्याशेजारच्या स्नायूखाली औषध द्यायचे. सोपा, त्यामुळे झपाट्याने पसरला. ते औषध मज्जातंतूंच्या मुळांपर्यंत नेमके किती पोहोचते, यावर अद्याप एकमत नाही. लोकप्रियता पुराव्याच्या पुढे धावली, असे माझे मत.

मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात मॉर्फिनचा एकच अल्प डोस देणे स्वस्त आणि प्रभावी आहे. मात्र खाज सुटते, आणि क्वचित काही तासांनी श्वास मंदावतो. म्हणजे त्या रात्री कोणीतरी श्वास मोजत बसले पाहिजे. जिथे एका परिचारिकेकडे अख्खा कक्ष असतो, तिथे पद्धतीची निवड औषधाइतकीच त्या परिचारिकेवर ठरते. शोधनिबंधांच्या सारांशात ही परिचारिका मला क्वचितच भेटते.

मोजमापाची एक बरी पट्टी आता आहे. 'क्यूओआर-१५' ही प्रश्नावली २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तयार केली. पंधरा प्रश्न, एकूण १५० गुण. वेदनेविषयी त्यांतले फक्त दोन; बाकी झोप, अन्न, मोकळा श्वास, स्वतःची स्वच्छता, चिंता, आप्तांशी बोलणे. रुग्णाला जाणवेल असा फरक साधारण ६ गुणांपासून सुरू होतो, असे मानतात. दोन गटांत ३ गुणांचा फरक निघाला, तर संख्याशास्त्र त्याला अर्थपूर्ण म्हणेलही. खाटेवरच्या माणसाला तो कळणार नाही.

गेल्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी ही प्रश्नावली प्रत्यक्ष विचारून पाहत होती. पोट उघडून चोवीस तासही न झालेल्या एका बाईंना तिने आठवा प्रश्न विचारला : नेहमीची घरकामे करता येतात का? बाईंना हसू आले, तसा त्यांनी दोन्ही हातांनी टाके धरले. "पहले खाँसने तो दो, बिटिया."

विद्यार्थिनीने शून्य लिहिले आणि समासात पेन्सिलीने नोंद केली : खोकता येत नाही. तिच्या प्रबंधाच्या आराखड्यात आता प्रश्नावलीखाली दोन वेगळे रकाने आहेत, खोकला आणि पावले. मार्गदर्शक म्हणून खाली माझी सही आहे.