कुणी बघत असताना

बायनरी ट्री उलटा करायचा म्हणजे प्रत्येक नोडच्या डाव्या-उजव्या फांद्यांची अदलाबदल करायची. रिकर्शन कळलेल्याला चार-पाच ओळींचं काम. २०१५ साली गूगलने नाकारलं तेव्हा मॅक्स हॉवेलने ट्विटरवर वैतागून सांगितलं, की हे आपल्याला फळ्यावर जमलं नाही. त्याने लिहिलेलं होमब्रू हे सॉफ्टवेअर गूगलमधले इंजिनिअरही वापरत होते. लगेच दोन तट पडले. ‘एवढंही येत नाही?’ आणि ‘हे यायला हवंच कशाला?’ मला दोन्ही प्रश्न फसवे वाटतात. एकटा बसला असता तर त्याला ते आलं असतं का, हे त्या मुलाखतीतून कळायला मार्गच नव्हता.

मुलाखतीतल्या कोड्यांची फॅशन तशी गेली. विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील, असले प्रश्न म्हणजे निव्वळ वेळ घालवणं, हे गूगलचेच तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्झलो बॉक २०१३ मध्ये सांगून मोकळे झाले. कोडी गेली, बघणारा माणूस मात्र राहिला.

एरवी आपण कोड कसा लिहितो? गप्प बसून. चुकीचं लिहितो, खोडतो, चहा घेऊन येतो. मुलाखतीत गप्प राहिलं की ‘अडकला’ असा अर्थ निघतो, म्हणून मोठ्याने विचार करायचा; तोही इंग्रजीत. हिंजवडीतल्या पॅनेलवर बसत असताना मी अशी मुलं पाहिली आहेत. लातूर-नांदेडकडून आलेला, बारावीपर्यंत मराठीतच बोललेला मुलगा. उत्तर त्याच्या डोक्यात तयार असतं. ‘सो, बेसिकली’ म्हणून तो सुरुवात करतो आणि पुढचं वाक्य जुळवता जुळवता हातातलं लूप सुटतं. शेजारचा अस्खलित बोलणारा अर्धवट कोडवर पुढच्या राउंडला जातो. फीडबॅकच्या फॉर्ममध्ये पहिल्याच्या नावापुढे ‘कम्युनिकेशन’ एवढंच लिहिलं जातं, आणि तेही त्याला कुणी कळवत नाही. एचआरचा ठरावीक मेल आला तर आला.

२०२० मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांना एकच प्रश्न घातला. काहींनी तो मुलाखतकारासमोर बोलत बोलत सोडवला, काहींनी बंद खोलीत एकट्याने. समोर माणूस असलेल्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. त्यांतली एकही मुलगी यशस्वी झाली नाही. एकटीने सोडवणाऱ्या सगळ्या झाल्या. आकडे लहान आहेत, शपथेवर सांगण्याजोगे नाहीत. पण पॅनेलवर बसलेल्या कुणालाही त्यांचं नवल वाटणार नाही.

उमेदवारांना एकटं सोडलं तर कॉपी होईल, एआयकडून उत्तर मागवतील, ही भीती खोटी नाही. मग उमेदवारानेच लिहिलेल्या कोडवर नंतर प्रश्न विचारा. उसना असेल तर दोन मिनिटांत उघडा पडतो. तेव्हा उद्या पॅनेलवर बसणार असाल तर प्रश्न द्या, ‘मराठीत बोललास तरी चालेल’ म्हणा आणि वीस मिनिटं कॅमेरा बंद करून बाजूला व्हा. आणि नाकारलंत तर कारणाच्या दोन ओळी तरी पाठवा.