पालेर्मोचे वेळापत्रक

प्रवासवर्णने आपल्याकडे विपुल लिहिली गेली. प्रवासाच्या आखणीविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. वास्तविक निघण्यापूर्वी कागदावर जो प्रवास घडतो तो पुष्कळदा प्रत्यक्षातल्याहून अधिक बोलका असतो. आपण काय पाहिले हे बऱ्याच अंशी हवा, गर्दी आणि पायांची ताकद ठरवते. पण काय पाहण्याची इच्छा होती आणि काय टाळायचे होते, हे त्या कागदावर आपल्याच हस्ताक्षरात उरते. २०२४ च्या शरद ऋतूतल्या तीन दिवसांच्या एका सहलीचा असा कागद माझ्यापाशी आहे. हे टिपण त्या कागदाविषयी आहे.

मी अठरा वर्षे जर्मनीत, कोलोनला राहतो. आमच्या राज्यात १ नोव्हेंबरला, म्हणजे सर्व संतांच्या दिवशी, सुट्टी असते. २०२४ मध्ये ती शुक्रवारी आली. त्यामुळे सलग तीन दिवस मोकळे मिळणार होते. ऑक्टोबरात ताई माझ्याकडे प्रथमच येणार होती. दिवाळीच्या तोंडावर घर सोडून ती कशी निघाली, असा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण त्या वर्षी आमच्या घरी दिवाळी नव्हती. बाबा २९ फेब्रुवारीला गेले. मी पोचलो तो तिसरा दिवस होता. अग्नी ताईने दिला होता, अस्थीही गोळा करून झाल्या होत्या. मला दिसली ती भिंतीवर नव्याने लावलेली तसबीर आणि कोपऱ्यात उभी केलेली काठी.

तीन दिवसांसाठी कोठे जावे याचा निर्णय मी एकट्याने आणि क्षणात घेतला : सिसिलीतले पालेर्मो. कारण वाङ्मयीन होते, निदान त्या वेळी मला तसे वाटत होते. जुझेप्पे तोमासी दी लाम्पेदूझा या लेखकाची ‘इल गात्तोपार्दो’ ही कादंबरी मी विद्यार्थिदशेत आर्चिबाल्ड कोहून यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचली आणि त्यानंतर अनेकदा वाचली. लाम्पेदूझा पालेर्मोचा. ज्या प्रासादात त्याचा जन्म झाला त्यावर एप्रिल १९४३ मध्ये बॉम्ब पडले आणि ते घर गेले. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, त्याने ही कादंबरी लिहिली. दोन मोठ्या प्रकाशनसंस्थांनी ती नाकारली. जुलै १९५७ मध्ये तो वारला. पुस्तक १९५८ मध्ये निघाले आणि १९५९ मध्ये त्याला स्ट्रेगा पुरस्कार मिळाला. गेलेले घर वाक्यांतून पुन्हा उभे करणारा आणि ते उभे राहिलेले न पाहताच जाणारा लेखक! आम्हा साहित्याच्या माणसांना असल्या गोष्टींची भुरळ पडतेच.

माझी पहिली आखणी या भुरळीतून झाली. कागदावर चौदा ठिकाणे होती. लेखकाच्या अखेरच्या वर्षांतले व्हिया बुतेरावरचे घर. लुकीनो व्हिस्कोन्तीने १९६३ च्या चित्रपटातला नृत्यसमारंभ जिथे चित्रित केला तो गान्जी प्रासाद. आणि कादंबरीतला राजपुत्र फाब्रीत्सियो ज्या हॉटेलात प्राण सोडतो त्याची जागा. त्या प्रकरणात मरणासन्न राजपुत्र आपल्या त्र्याहत्तर वर्षांचा हिशेब मांडतो आणि त्यांतली खऱ्या अर्थाने जगलेली वर्षे दोन, फार तर तीन भरतात. मी मात्र त्याच शहराच्या तीन दिवसांत चौदा ठिकाणे बसवीत होतो, आणि त्यातली विसंगती माझ्या लक्षात आली नव्हती.

दुसऱ्या दिवसाची सकाळ मी कापुचिन मठासाठी ठेवली होती. लाम्पेदूझाची कबर तिथल्या दफनभूमीत आहे. त्याच मठाखाली ती प्रसिद्ध भुयारे आहेत, जिथे सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकापर्यंतच्या मृतांची सुकवून जपलेली शरीरे त्यांच्या कपड्यांनिशी भिंतींना लावून उभी केलेली आहेत. भुयारांपुढे मी दीड तास लिहिला होता. कबरीपुढे दहा मिनिटे.

हा कागद मी ताईला फोनवर वाचून दाखवला. ती शांतपणे ऐकत होती. भुयारांपाशी आलो तेव्हा म्हणाली, “ते नको.”

मी त्यांचे ऐतिहासिक महत्त्व सांगू लागलो.

“अरे, मी या वर्षी एक बघितलाय. आंघोळ घातलीय. मला आणखी नकोत. तुला बघायचे असतील तर तू जा, मी बाहेर बसेन.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलो. दीड तास आणि दहा मिनिटे. कबर हे निमित्त होते. जे पाहायला मी फेब्रुवारीत पोचलो नाही, ते मला कोठेतरी पाहायचे होते; पण परक्या देशात, तिकीट काढून, काचेच्या पलीकडून, आणि ज्याच्याशी माझे काही नाते नाही अशा माणसाच्या चेहऱ्यावर. वाङ्मयप्रेमाच्या आवरणाखाली मी अंत्यदर्शनाचा कार्यक्रम आखला होता. मी ती ओळ खोडली. खोडलेली ओळ अजून वाचता येते.

त्यानंतर आखणी दोघांची झाली. ताईने चौदातली नऊ ठिकाणे काढून टाकली. तिची कसोटी एकच होती : “तिथं बसायला काय आहे?” पालात्सो आबातेल्लिस या प्रासादातल्या चित्रसंग्रहालयाविषयी मी साशंक होतो, कारण तिथले प्रसिद्ध भित्तिचित्र ‘मृत्यूचा विजय’ हे आहे : सांगाडाच उरलेल्या घोड्यावर बसून मृत्यू बाण सोडीत चालला आहे. तेव्हा मी तिला तिथलेच दुसरे चित्र पाठवले, आन्तोनेल्लो दा मेस्सीनाने १४७६ च्या सुमारास काढलेले. निळे वस्त्र डोक्यावरून घेतलेली एक स्त्री, समोर उघडे पुस्तक, उजवा हात किंचित पुढे आलेला. विषय परिचित आहे. देवदूत मेरीला वार्ता सांगतो तो प्रसंग. पण या चित्रात देवदूत नाही. तो जिथे असायला हवा तिथे पाहणारा उभा असतो. यातले काहीही मी ताईला सांगितले नव्हते. तिचे उत्तर आले : “कुणीतरी बातमी घेऊन आलंय तिच्याकडे. थांब म्हणतेय.” चित्र यादीत राहिले. त्या रात्री बातमीचा फोन ताईने मला केला होता, आणि बहुधा मीही तिला असेच थांबवले असावे.

मग तिनेच तारखा पाहिल्या. “एकला लक्ष्मीपूजन, दोनला पाडवा, तीनला भाऊबीज. म्हणजे आपण सगळी दिवाळी तिथंच.” माझ्या टेबलावरच्या जर्मन कॅलेंडरात यांतले काहीच नव्हते. त्यात २ नोव्हेंबरपुढे ‘सर्व मृतात्म्यांचा दिवस’ असे छापले होते. सिसिलीत हा दिवस मोठा असतो, हे मला वाचून ठाऊक होते आणि मी ते ताईपासून लपवले होते. भुयारे नको म्हणणाऱ्या बहिणीला मृतांच्या सणात कसे न्यायचे? शेवटी सांगितले. तिथल्या परंपरेनुसार १ तारखेच्या रात्री घरातली गेलेली माणसे परत येतात आणि मुलांसाठी खेळणी व मिठाई ठेवून जातात. बदामाच्या पिठाची हुबेहूब फळे करतात, तिला ‘मार्तोराना’ म्हणतात. साखरेच्या रंगीत बाहुल्या असतात. खोडकर मुलांचे पाय मृत लोक किसणीने खरवडतात म्हणे, म्हणून त्या रात्री घरातली किसणी लपवून ठेवायची. आन्द्रेआ कामिल्लेरी (१९२५-२०१९) या सिसिलियन लेखकाने आपल्या बालपणीच्या या रात्रीविषयी लिहिले आहे. १९४३ मध्ये अमेरिकन सैनिकांबरोबर नाताळचे झाड आले आणि मृत हळूहळू घरची वाट विसरले, अशी त्याची खंत आहे. ज्या वर्षी लाम्पेदूझाचे घर पडले तेच हे वर्ष.

ताई किसणीला हसली. मग म्हणाली, “आपल्याकडे उलटं. पितृपक्षात आपण त्यांना वाढतो. तिथं ते देतात.” थोड्या वेळाने विचारले, “बाबा काय ठेवून जातील रे आपल्यासाठी?”

मला उत्तर सुचले नाही. ती मात्र येताना ते सामानात घेऊन आली. शेजारच्या काकूंनी दिलेल्या चकल्यांच्या डब्याखाली (दुःखाच्या घरात फराळ करीत नाहीत, शेजारीपाजारी आणून देतात) बाबांची दोनशे पानी वही होती. बाबा टपाल खात्यात कारकून होते. रेल्वेचे वेळापत्रक हा त्यांचा आवडता ग्रंथ. रात्री जेवण झाले की ते कधीही न करायचे प्रवास या वहीत आखीत असत : मिरजेहून रामेश्वर, मिरजेहून पुरी, मिरजेहून हरिद्वार. गाडी कोठे बदलायची, मधल्या वेळात कोठे जेवायचे, धर्मशाळा स्टेशनपासून किती लांब, सगळे सुवाच्य अक्षरात. यांतला एकही प्रवास घडला नाही. लहानपणी मला त्या वहीची कीव येई. या वेळी नीट पाहिली तेव्हा प्रत्येक दिवसाच्या तपशिलाखाली एक ओळ सारखी आढळली : ‘राखीव – १ तास.’ गाड्या उशिरा येतात हे त्यांनी कागदावरच्या प्रवासातही गृहीत धरले होते.

आखणीतले शेवटचे ठिकाण मी सुचवले आणि ताईने ते लगेच मान्य केले. पालेर्मोतल्या झीसा या बाराव्या शतकातल्या प्रासादात एक समाधिशिला आहे. नॉर्मन राजवटीत ग्रीसान्तो नावाच्या धर्मगुरूने आपल्या आईसाठी, आन्नासाठी, ती करविली. आईचा देह त्याने मोठ्या चर्चमधून काढून, स्वतः बांधलेल्या प्रार्थनागृहात आणला आणि ही गोष्ट चार प्रकारे कोरून ठेवली : लॅटिनमध्ये, ग्रीकमध्ये, अरबीत आणि हिब्रू लिपीतल्या अरबीत. प्रत्येक मजकुरात मृत्यूचे वर्ष त्या त्या समाजाच्या कालगणनेने दिले आहे. ख्रिस्ती ११४८, सृष्टीच्या आरंभापासून मोजलेले ग्रीक ६६५६, हिजरी ५४३, यहुदी ४९०८. शहरातला कोणीही वाटसरू आला तरी त्याला आपल्या पंचांगात कळावे की या मुलाची आई कधी गेली.

साहित्याच्या वर्गात आपण बहुभाषिकतेविषयी पुष्कळ बोलतो. बोलताना राजे, दरबार आणि अनुवादक यांची नावे घेतो. या शिलेपुढे मात्र असे वाटते की माणूस दुसऱ्याच्या भाषेत जातो तो कधी कधी केवळ आपले दुःख अधिक लोकांना कळावे म्हणून. माझी आणि ताईची अडचण याच जातीची होती. आम्हां दोघांच्या कालगणना वेगळ्या झाल्या होत्या. माझ्या लेखी बाबा २९ फेब्रुवारीला गेले, म्हणजे ज्या तारखेला गेले ती पुन्हा २०२८ मध्येच उगवणार. ताईच्या लेखी ते माघ वद्य पंचमीला गेले आणि ती तिथी कोणत्याही वर्षाला चुकत नाही. ‘तारीखच नाही, तर यायचे कधी’ अशी पळवाट मी मनात तयार ठेवली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

अंतिम कागद असा आहे. शुक्रवार : विमानतळ (फाल्कोने आणि बोर्सेल्लीनो या १९९२ मध्ये माफियाने मारलेल्या दोन न्यायाधीशांचे नाव त्याला दिले आहे), तिथून शहर, समुद्राकाठी बसणे. शनिवार : निळ्या वस्त्राचे चित्र; मिठाईचा बाजार; व्हिया बुतेरा, जमल्यास. रविवार : झीसा. दुपारी भाऊबीज, खोलीवर. भाऊबीज म्हणजे यमद्वितीया. यम त्या दिवशी आपल्या बहिणीकडे जेवायला जातो. म्हणजे वर्षातला एक दिवस तोही रजा काढतो. रविवारच्या खाली माझ्या नव्हे, ताईच्या अक्षरात एक ओळ आहे : ‘राखीव – १ तास.’

प्रवासाचे वर्णन करायचे नाही असे ठरवूनच हे लिहायला बसलो, तेव्हा एवढेच सांगतो की व्हिया बुतेरा जमले नाही आणि तो राखीव तास पुरला नाही. ताईने मला २९ फेब्रुवारीचा दिवस सकाळच्या चहापासून सांगितला. मी मधे थांबवले नाही.

कोलोनला परतल्यावर मी ताईचे पंचांग उघडले. पुढच्या वर्षीची माघ वद्य पंचमी १७ फेब्रुवारीला, सोमवारी येत होती. वर्षश्राद्ध त्या दिवशी. मी रजेचा अर्ज केला, तिकीट काढले आणि एका कागदावर प्रवास आखायला घेतला : कोलोन, मुंबई, मिरज. एक तास राखीव.